उत्सुनोमियाचा ग्योझा: निक्कोच्या वाटेवर उतरून खायचा कसा

टोकियोहून निक्कोला जाणारे बहुतेक प्रवासी उत्सुनोमिया पाहतात ते फक्त स्टेशनाच्या आतून. शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेनमधून उतरायचं, निक्को लाइनचा फलाट शोधायचा, गाडीला वेळ असला तर एक कॉफी घ्यायची, आणि पाऊण तासात निक्कोत पोचायचं. पाच लाखांच्या आसपास वस्तीचं हे शहर तोचिगी प्रांताची राजधानी आहे, पण पर्यटकांच्या वेळापत्रकात ते 'इथे गाडी बदला' एवढ्यावरच संपतं. त्याला कारणही आहे. जुना किल्ला १८६८च्या यादवीत जळाला, आणि जुलै १९४५मधल्या हवाई हल्ल्यात शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. क्योतो-कानाझावासारख्या जुन्या गल्ल्या इथे उरलेल्याच नाहीत. रुंद रस्ते, बँका, पार्किंगच्या इमारती आणि त्यांच्या मधेमधे पाच-दहा खुर्च्यांची ग्योझ्याची दुकानं, असं हे गाव.

आमच्या मते त्या दुकानांसाठी अर्धा दिवस काढावा. ग्योझा म्हणजे पातळ पारीत कोबी आणि थोडं मांस भरून करंजीसारखा दुमडलेला नग. ग्योझा टोकियोतही मिळतो, पण तिथे तो रामेन नूडल्सच्या जोडीला किंवा बिअरबरोबर मागवायची वस्तू आहे. इथे जेवण म्हणजेच ग्योझा. लोक खातात ते एका दुकानात पोटभर नव्हे, तर दोन-तीन दुकानांत थोडं थोडं, आणि मग कुणाचा चांगला यावर हिरिरीने बोलतात. पाहुण्यानेही तसंच खावं. एकाच दुकानात चार प्लेटी मागवल्या तर पोट भरेल, पण या शहराला याचं एवढं कौतुक का आहे ते काही कळायचं नाही.

जायला दोन रस्ते आहेत. तोहोकु शिंकान्सेनने टोकियोहून साधारण पन्नास मिनिटं लागतात. गाडी यामाबिको किंवा नासुनो पकडावी. हायाबुसा या वेगवान गाड्या सहसा उत्सुनोमियाला न थांबता थेट सेंदाईकडे जातात, त्यामुळे फलाटावर समोर आली म्हणून चढलात तर दिवस वाया. दुसरा रस्ता साध्या गाडीचा. उएनो किंवा टोकियोहून उत्सुनोमिया लाइन, नाहीतर शिंजुकूहून शोनान-शिंजुकू लाइन. पावणेदोन तास लागतात, भाडं दोन हजार येनच्या आसपास म्हणजे शिंकान्सेनच्या निम्म्याहून कमी, आणि सुइका हे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवास कार्ड चालतं. तीन दिवसांचा टोकियो वाइड हा रेल्वे पास असेल तर शिंकान्सेनही त्यातच बसते आणि जेआर म्हणजे जपान रेल्वेची निक्को लाइनही. मग सकाळी निक्को, दुपारी परतताना उत्सुनोमिया, हा बेत छान जमतो.

एक गफलत मात्र नेहमी होते. शहरात दोन स्टेशनं आहेत: जेआरचं उत्सुनोमिया आणि खासगी तोबू कंपनीचं तोबू-उत्सुनोमिया. दोघांत दीड किलोमीटरहून अधिक अंतर आहे. आसाकुसाहून निक्कोला जाणारी तोबूची गाडी यांपैकी कुठल्याच स्टेशनाला लागत नाही, त्यामुळे त्या गाडीचं तिकीट काढून 'वाटेत उतरू' म्हटलं तर ते जमत नाही. ग्योझा खायचाच असेल तर निदान जाता-येतानाचा एक प्रवास जेआरने करावा.

ग्योझा इथे का रुजला, तर सैन्यामुळे. जपानी लष्कराच्या १४व्या डिव्हिजनचं ठाणं उत्सुनोमियात होतं आणि तिच्या तुकड्या मांचुरियात, म्हणजे चीनच्या ईशान्येला, पाठवल्या गेल्या होत्या. युद्ध हरल्यावर परतलेल्या लोकांनी तिकडे खाल्लेला पदार्थ इथे करायला घेतला. चीनच्या उत्तरेत तो मुख्यतः उकडून खातात, उरलेला तव्यावर परततात. जपानात उलटं झालं, तव्यावरचाच मुख्य ठरला. शिवाय आजूबाजूला जिन्नस होतेच: गहू, कोबी, आणि निरा म्हणजे लसणाच्या वासाची चपटी पात. निरा पिकवण्यात जपानच्याच कोची प्रांताच्या खालोखाल तोचिगीचं नाव घेतात. मांस महाग असण्याचा तो काळ, त्यामुळे सारणात भाजी जास्त आणि डुकराचं मांस कमी, असंच प्रमाण पडलं. आजही उत्सुनोमियाचा ग्योझा हलका लागतो तो त्यामुळेच. सहा खाल्ल्यावर जड वाटत नाही, बारा सहज जातात.

हे सगळं असूनही १९९०पर्यंत गावाला त्याचं विशेष वाटत नव्हतं. सरकारच्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत ग्योझ्यावरच्या खर्चात उत्सुनोमिया देशात वर आहे, हे महापालिकेतल्यांच्या ध्यानात आलं आणि १९९३मध्ये दुकानदारांनी मिळून उत्सुनोमिया ग्योझा-काई ही संघटना काढली. १९९४मध्ये स्टेशनापाशी ग्योझ्याचा पुतळा उभा राहिला. पारीत गुंडाळलेली व्हीनस, तीही इथल्याच ओया दगडात कोरलेली. २००८मध्ये जागा बदलताना तो पडून दुभंगला, नंतर सांधला. अजून पश्चिमेच्या दाराजवळ आहे, लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. पुढे हामामात्सु शहराने पहिला नंबर हिसकावला, २०२१मध्ये मियाझाकीने दोघांनाही मागे टाकलं, आणि दर वर्षी निकालाच्या दिवशी टीव्हीवर बातमी असते. यातली मेख अशी की या पाहणीत फक्त घरी आणलेला तयार ग्योझा मोजतात. हॉटेलात खाल्लेला आणि फ्रोझन पाकिटातला धरत नाहीत. म्हणजे दुकानांसमोरच्या रांगांचा त्या नंबराशी काही संबंध नाही. नंबर घसरला म्हणून इथली चव उतरली, असं कुणी सांगितलं तर ऐकू नये.

आता दुकानात काय करायचं ते. बहुतेक ठिकाणी यादी इतकी छोटी असते की तीन शब्दांत काम भागतं. याकी म्हणजे तव्यावर भाजलेला, सुई म्हणजे पाण्यात उकडलेला, आगे म्हणजे तळलेला. एक प्लेट म्हणजे 'इचिनिनमाए', एका माणसाची, त्यात बहुतेक ठिकाणी सहा नग. किंमत साधारण तीनशे-चारशे येन. 'याकी इची, सुई इची, ओनेगाइ शिमासु' एवढं म्हटलं की झालं. मिनमिन या १९५८पासूनच्या दुकानात नेहमीचे गिऱ्हाईक 'डबल-सुई' म्हणतात: दोन प्लेट याकी, एक सुई. पुढे 'राइस' जोडलं की भाताची वाटीही येते. मासाशी या दुसऱ्या नावाजलेल्या दुकानात मात्र भात नाही, बिअर नाही, तळलेलाही नाही. याकी आणि सुई, बस्स. तिथे बसून मेनू मागणं व्यर्थ आहे.

रांगेचं गणित समजून घेतलं तर चिडचिड होत नाही. ग्योझा एकेक प्लेट करून भाजत नाहीत, मोठ्या तव्यात एक घाणा लावतात. घाणा उतरायला सात-आठ मिनिटं लागतात, म्हणून रांग सरकते तीही टप्प्याटप्प्याने: बराच वेळ जागची हलत नाही आणि मग एकदम सहा-आठ माणसं आत जातात. काही ठिकाणी रांगेत असतानाच किती प्लेटी ते विचारून घेतात, कारण पुढच्या घाण्यात तेवढे नग लावायचे असतात. बसल्यावर 'आणखी एक प्लेट' मागितली तर पुढच्या घाण्याची वाट पाहावी लागते आणि खुर्ची अडते. तेव्हा आकडा आधीच ठरवावा. बाहेर रांग असताना खाऊन झाल्यावर गप्पा मारत बसू नये. कुणी उठवणार नाही, पण सगळ्यांना खटकतं. लहान दुकानांत रोख पैसेच चालतात हे गृहीत धरून हजाराच्या नोटा आणि शंभराची नाणी बाळगावीत.

काउंटरवर जागा मिळाली तर तव्याच्या समोरचीच घ्यावी. जाड लोखंडी तव्यात तेलाचा हात फिरवून ग्योझे एकमेकांना खेटून रांगेत मांडतात, घडीची बाजू वर आणि सपाट बूड खाली. बूड तव्याला धरलं की उकळतं पाणी सढळ हाताने ओततात आणि लगेच जड झाकण. आत बुडाशी भाजणं आणि वर वाफवणं एकाच वेळी चालतं. भाजणारा घड्याळ बघत नाही, कान देऊन असतो. पाणी आहे तोवर खदखद ऐकू येते. ते आटलं की आवाज बारीक होऊन तडतड सुरू होते. त्या क्षणी झाकण काढून पुन्हा थोडं तेल सोडतात, मिनिटभर थांबतात, मग लांब उलथन्याने सहाची ओळ एकदम उचलून प्लेटीत उलटी टाकतात. म्हणून प्लेट येते तेव्हा तांबूस भाजलेली बाजू वर असते. ती अखंड आणि एकसारख्या रंगाची असावी. काळे डाग आणि मधेच पांढरे पट्टे दिसले तर तवा नीट तापला नव्हता असं समजावं.

पहिला ग्योझा काही न लावता खायचा. त्यातून सारणाचा अंदाज येतो: कुणाकडे लसूण पुढे, कुणाकडे आलं, कुणाकडे कोबीचा गोडवा. पूर्ण नग एकदम तोंडात टाकू नये, आतला रस उकळता असतो. अर्धा चावून, वाफ जाऊ देऊन मग बाकीचा. पुढच्यासाठी बशीत चटणी आपण करायची असते. टेबलावर व्हिनेगर, सोया सॉस आणि रायू म्हणजे तिखट तेल, अशा तीन बाटल्या असतात. आपल्या हाताला सोया सॉस जास्त ओतायची सवय असते आणि तिथेच चव बिघडते, कारण सारणात मीठ-मसाला आधीच आहे. इथली रीत व्हिनेगर भरपूर, सोया नावापुरता, रायूचे दोन-चार थेंब. प्रमाण सांगायचं तर तीन भाग व्हिनेगरला एक भाग सोया. नुसत्या व्हिनेगरमध्ये मिरपूड घालूनही खातात आणि तेही झकास लागतं. मासाशीचं रायू तिखट आहे, जपानी मानाने बरंच. तिखटाची तहान लागलेल्या मराठी जिभेला ते बरं वाटेल.

सुई-ग्योझा पाहून बरेच जण निराश होतात. वाडग्यात गरम पाणी आणि त्यात सहा फिकट नग, वर काही नाही. हे सूप नाही, ज्या पाण्यात उकडलं तेच पाणी आहे. त्याचं सूप खाणाऱ्याने करायचं. वाडग्यातच एक चमचा सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, रायूचे पाच-सहा थेंब टाकून ढवळायचं, त्यात नग खायचे आणि शेवटी पाणी पिऊन टाकायचं. पारीचा पिठूळपणा पाण्यात उतरलेला असतो, त्यामुळे ते किंचित दाटसर लागतं. आम्ही दुकानाची पारख सुईवर करतो. भाजलेल्यात तेल आणि कुरकुरीतपणा पुष्कळ काही झाकून नेतात. उकडलेल्यात पारी जाड असेल, सारण कोरडं असेल, लसूण कच्ची राहिली असेल, तर ते लगेच कळतं. एकच प्लेट मागवायची असेल तर लोक याकी मागवतात. दोन मागवता आल्या तर दुसरी सुईच असू दे. आगे तिसरी. दातांना मजा येते, पण इथे येऊन तळलेल्यावर पोट खर्ची घालावं असं त्यात काही नाही.

दुकानांचा क्रम असा लावता येतो. स्टेशनाच्या पश्चिम दाराने बाहेर पडून तागावा नदीचा पूल ओलांडला आणि मोठ्या हमरस्त्याने सरळ चालत राहिलं की पंधरा मिनिटांत फुताआरायामा देवळाचा परिसर येतो. मिनमिनचं मुख्य दुकान आणि मासाशीचं मियाजिमा-चोमधलं दुकान इथेच, एकमेकांपासून चालत पाच मिनिटांत. उघडायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं मासाशीच्या रांगेत उभं राहावं, एक याकी-एक सुई खाऊन निघावं आणि मिनमिनला जावं. दोन्ही लागोपाठ खाल्ले की फरक ठळक कळतो. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या वेळी तासभर रांग ही नेहमीची गोष्ट. साध्या दिवशी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान कमी असते. पण लहान दुकानं दुपारी मधेच बंद होतात आणि माल संपला की वेळेआधी पाटी लावतात. प्रत्येक दुकानाची साप्ताहिक सुट्टी वेगळी असते, ती निघण्याआधी नकाशावर पाहून ठेवावी. दोन दुकानं एकाच वारी बंद निघाली तर बेतच कोसळतो.

वेळ कमी असेल, बरोबर मुलं किंवा वयस्क माणसं असतील, तर मात्र दारोदार हिंडू नये. देवळाजवळ डॉन किहोते या स्वस्त मालाच्या मोठ्या दुकानाच्या इमारतीत तळघरात ग्योझा-काईचं किरास्से हे भोजनालय आहे. तिथे एका भागात काही नामांकित दुकानांचे काउंटर कायमचे आहेत आणि एकाच टेबलावर बसून वेगवेगळ्या दुकानांच्या प्लेटी मागवता येतात. दुसऱ्या भागात बाकीच्या सभासद दुकानांचा ग्योझा आळीपाळीने असतो, त्यात अनेक दुकानांचे एकेक-दोनदोन नग घातलेली मिश्र प्लेटही मिळते. तुलनेसाठी याहून सोयीचं ठिकाण नाही. उणीव एवढीच की मिश्र प्लेटीत कुठला नग कुणाचा ते खाता खाता विसरायला होतं. कागदावर क्रम दिलेला असतो; प्लेट फिरवू नये आणि डावीकडून सुरुवात करावी. दोन गाड्यांच्या मधे फक्त तास-दीड तास असेल तर स्टेशनाच्या इमारतीत आणि पश्चिम दारासमोरही दुकानं आहेत. तेवढ्यावरही भागतं.

शाकाहारी माणसांना सरळ सांगितलेलं बरं: या शहराचा ग्योझा डुकराच्या मांसाचा आहे. मांस थोडं असतं, पण असतंच. काही दुकानं भाज्यांचा ग्योझा ठेवतात. तरीही सारणात कोंबडीचा किंवा डुकराचा अर्क असू शकतो, आणि तवा व उकळतं पाणी तर तेच असतं. 'बुतानिकु वा हाइत्ते इमासु का' म्हणजे डुकराचं मांस आहे का, 'ग्यूनिकु' म्हणजे गाय-बैलाचं. हे विचारून उत्तर मिळेल, पण 'हाय' ऐकून त्याचा अर्थ 'तुमचं म्हणणं ऐकलं' असा आहे की 'आहे' असा, हे पक्कं करून घ्यावं. फोनवर जपानी लिपीत वाक्य दाखवणं सगळ्यांत खात्रीचं. अंडं-मासे चालत असतील आणि मांस नको असेल, त्यांनीही चटण्या आणि अर्कांची चौकशी करावी. कडक पाळणाऱ्यांनी उत्सुनोमियाचा बेत ग्योझ्यासाठी आखू नये. त्यांच्यासाठी घरी करायची रीत खाली दिली आहे आणि ती खरोखर चांगली होते.

दोन दुकानांच्या मधे पोटाला विसावा द्यायला ओया हे दगडाच्या खाणींचं ठिकाण आहे. स्टेशनाच्या पश्चिम दारावरून बस सुटते, अर्धा तास लागतो. ओया दगड हलका आणि कोरायला मऊ असतो. फ्रँक लॉइड राइटने टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलला तोच वापरला. जुनी खाण आता पाहायला खुली आहे: जमिनीखाली तीस मीटर, थिएटरएवढ्या उंच चौकोनी दालनांची. आत वर्षभर थंडी, सरासरी आठ अंशांच्या आसपास, तेव्हा ऑगस्टमध्येही जॅकेट हवं. जवळच दगडात कोरलेली, करुणेची बौद्ध देवता कान्नोनची सत्तावीस मीटर उंच मूर्ती आहे. बस विरळ असतात. उतरल्या उतरल्या परतीच्या वेळेचा फोटो काढून ठेवावा, नाहीतर दुपारच्या ग्योझ्यावर पाणी सोडावं लागतं. उन्हाळ्यात दुपारी इथे विजांचा गडगडाट फार. छत्री असू द्या. स्टेशनाच्या पूर्वेला ऑगस्ट २०२३मध्ये नवी ट्राम सुरू झाली, साडेचौदा किलोमीटरची, हागा गावाच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत जाणारी. होंडाचं संशोधन केंद्र त्या बाजूला आहे, त्यामुळे पुण्याकडचा कुणी अभियंता कामानिमित्त तिकडे गेलाच तर संध्याकाळी ट्रामने स्टेशनावर येऊन ग्योझा गाठणं अगदी सोपं आहे.

फ्रोझन ग्योझा सगळी मोठी दुकानं विकतात. टोकियोत राहणाऱ्या मराठी घरांसाठी, निशी-कासाईला वगैरे, हीच खरी खरेदी. पिशवीबरोबर बर्फाच्या पुड्या मागून घ्यायच्या. त्या दोन-तीन तास टिकतात, म्हणून खरेदी अगदी शेवटी, गाडीच्या आधी. जास्त घ्यायचे असतील तर शीतपेटीतून कुरियरने घरी पाठवता येतात. भारतात न्यायचा विचार करू नये. मांसाच्या पदार्थांना आयात परवान्याचं बंधन आहे, आणि एकदा वितळून पुन्हा गोठवलेली पारी फाटतेच.

घरी भाजताना सगळ्यांत मोठी चूक म्हणजे आधी वितळू देणं. वितळला की कोबीचं पाणी पारीत उतरतं, नग एकमेकांना चिकटतात आणि उचलताना पोट फुटतं. फ्रीजरमधून थेट तव्यावर. पंचवीस सेंटीमीटरच्या नॉनस्टिक पॅनमध्ये एक मोठा चमचा तेल, मध्यम आच, बारा नग. बूड किंचित रंगलं की शंभर मिलिलिटर उकळतं पाणी आणि लगेच झाकण. थंड पाणी घातलं तर पॅन निवतं आणि पारी शिजण्याऐवजी भिजून लिबलिबीत होते. सहा-सात मिनिटं झाकण अजिबात उघडायचं नाही. वाफ गेली की वरची घडीची कड कच्ची, पिठूळ राहते. तडतड ऐकू आली की झाकण काढायचं, कडेने एक लहान चमचा तिळाचं तेल सोडायचं आणि आणखी एक-दोन मिनिटं. नग हलवून पाहिल्यावर आपसूक सुटले तर झाले. अडकले असतील तर उलथनं घालून खरवडू नका. आच बंद करून मिनिटभर थांबलं की बहुतेक सुटतात. उकडायचे असतील तर पाणी भरपूर हवं, बारा नगांना दीड लिटर तरी. टाकल्याबरोबर तळाशी एकदा हलक्या हाताने ढवळावं, वर तरंगले की आणखी दोन मिनिटं.

शाकाहारी करताना उत्सुनोमियाचा भाजीकडे झुकलेला हात फार उपयोगी पडतो, कारण मांस काढलं तरी मुख्य चव कोबीचीच राहते. २०० ग्रॅम मैदा, पाव चमचा मीठ, ११० मिलिलिटर कढत पाणी. आधी उलथन्याने, मग हाताने मळून अर्धा तास ओल्या कापडाखाली. चोवीस गोळ्या, प्रत्येकी नऊ सेंटीमीटरची पारी, मधे किंचित जाड, कडा पातळ. सारणाला ३०० ग्रॅम कोबी अगदी बारीक चिरून अर्धा चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचा आणि पंचात घालून करकचून पिळायचा. हे पिळणं कमी पडलं की सगळं बिघडतं; बाकी कुठल्याही चुकीपेक्षा पाण्यानेच पाऱ्या जास्त फाटतात. त्यात दाबून कोरडं केलेलं १०० ग्रॅम घट्ट टोफू, भिजवून चिरलेले तीन सुके शिताके मशरूम, ४० ग्रॅम लसणाची पात (निरा मिळत नसेल तर हीच सर्वांत जवळची), दोन पाकळ्या लसूण, एक चमचा किसलेलं आलं, एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा भाजक्या तिळाचं तेल आणि बांधायला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर. आपलं घाण्याचं कच्च्या तिळाचं तेल चालतं, पण तो खरपूस वास येत नाही; मग दोन चमचे तीळ भाजून कुटून घालावेत.

एका पारीत सपाट मोठा चमचाभर सारण. करंजीसारखी अर्धी दुमडायची, पण निऱ्या फक्त पुढच्या बाजूच्या पारीला, पाच-सहा; मागची बाजू सपाटच ठेवायची. त्यामुळे नगाला बाक येतो, तो तव्यात नीट बसतो आणि बूड सगळीकडून टेकतं. कडेला पाण्याचं बोट फिरवून घट्ट दाबा, आत हवा राहिली तर वाफेने फुगून शिवण उघडते. भरलेले नग मैदा भुरभुरलेल्या ताटात सुटे ठेवावेत आणि पंधरा-वीस मिनिटांच्या आत भाजावेत. ताजे असल्याने झाकणाखाली चार-पाच मिनिटं पुरतात. लगेच भाजायचे नसतील तर ताटासकट फ्रीजरमध्ये, कडक झाल्यावर पिशवीत.